सणाची तयारी सगळेच करतात, सण पाळायचा मात्र राहून जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही अलीकडेच नियमित चर्चला जाऊ लागलो. नाताळ आणि ईस्टर कळतात, पण वर्षभर इतके सण, इतके काळ आणि वेदीवरचे बदलते रंग दिसतात की घरी नेमकं काय पाळावं ते उमजत नाही. नाताळ झाला की घर एकदम सुनं वाटतं. उपवासकाळातला निर्धार दुसऱ्या आठवड्यात मोडतो. ईस्टर तर आला आणि गेला. घरात लहान मुलं आहेत, आणि एका माणसाला या सगळ्यात फारसा रस नाही. सुरुवात कुठून करावी?"

नाताळनंतर सुनं वाटणं आणि ईस्टर एका दिवसात संपणं या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. चर्चच्या क्वायरचं (गायकवृंदाचं) आणि रविवारच्या वाचनांची यादी लावण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे एखादा सण कधी सुरू होतो याइतकंच तो कधी संपतो हेही मला बघावं लागतं. कोणत्या रविवारपर्यंत कोणती गाणी चालतील, 'हालेलुया' हा स्तुतीचा घोष कधी बंद आणि कधी सुरू, वेदीवरचं कापड कधी बदलायचं, हे सगळं त्या शेवटच्या तारखेवर ठरतं. आणि दरवर्षी तेच होतं. सणाआधी लोकांचा उत्साह मावत नाही, आणि सण खरा सुरू होतो त्याच दिवशी सगळे हात झटकून मोकळे होतात. नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो, पण तोवर महिनाभर गाणी ऐकून कान किटलेले असतात. ईस्टरचा काळ ५० दिवसांचा आहे, त्याआधीचा उपवासकाळ ४० दिवसांचा. म्हणजे पश्चात्तापापेक्षा आनंदाला दहा दिवस जास्तच दिलेत! पण ४० दिवस उपवास सांभाळणारी माणसं पुष्कळ भेटतात, ५० दिवस आनंद सांभाळणारी विरळाच.

म्हणून सण थोडे धरा, पण जो धराल तो शेवटच्या दिवसापर्यंत पाळा. यादीतलं सगळंच करायला गेलात तर सहा महिन्यांत कंटाळाल.

उपासनावर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं, आणि हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येतो. चार रविवार नक्की मिळतात, पण पूर्ण चार आठवडे मिळतीलच असं नाही. २०२३ मध्ये चौथा रविवार थेट २४ डिसेंबरला आला: सकाळी आगमनकाळाची उपासना, संध्याकाळी नाताळची. क्वायरची त्या दिवशी काय धांदल उडाली ते विचारू नका.

लहान मुलं असलेल्या घरात चार मेणबत्त्यांचं चक्र लावावं, दर रविवारी एक जास्त पेटवावी. ही प्रथा वाटते तितकी जुनी नाही. हॅम्बुर्गमध्ये गरीब आणि निराधार मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये ती सुरू केली. मुलं रोज विचारायची, नाताळला किती दिवस राहिले? म्हणून त्यांनी लाकडी चाकावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या. मुलांना वाट पाहायला शिकवणं अवघड असतं, दिवस मोजायला शिकवणं सोपं असतं, हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

मोठ्यांसाठी मला स्वतःला १७ ते २३ डिसेंबर हा आठवडा सगळ्यात आवडतो. संध्याप्रार्थनेत या सात दिवसांत ख्रिस्ताला रोज एका नावाने हाक मारतात, आणि ही सगळी नावं जुन्या करारातून आलेली आहेत: ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल. रोज जेवणाआधी एक नाव आणि त्याच्याशी जोडलेलं यशया संदेष्ट्याचं एखादं वचन एवढंच वाचा. दोन मिनिटं पुरतात. नाताळच्या खरेदीचा गोंधळ नेमका याच आठवड्यात शिगेला असतो, म्हणून तर ही दोन मिनिटं जाणवतात.

आगमनकाळात नाताळची गाणी लावूच नयेत असं काही लोक हट्टाने सांगतात. तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण रस्त्यावर, दुकानात, फोनवर गाणी वाजतच असतात. घरात त्यावरून भांडण काढण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा २५ नंतर ती बंद करू नका. खरी गंमत तिथे आहे.

कारण २५ नंतरचे दिवस फार विचारपूर्वक रचलेले आहेत. २६ ला पहिला हुतात्मा स्तेफन, २७ ला प्रेषित योहान आणि २८ ला हेरोदाने मारलेली बेथलेहेमची बाळं. गोठ्यातलं बाळ तीन दिवसांचंही झालेलं नसतं आणि चर्च आपल्याला दगडमार झालेल्या माणसापाशी आणि रडणाऱ्या आयांपाशी नेऊन उभं करतं. मला सुरुवातीला हे विचित्र वाटायचं. नंतर क्वायरमधल्या एका बाईंच्या घरी डिसेंबरमध्येच मृत्यू झाला. त्या वर्षी २५ च्या उपासनेला त्या आल्या नाहीत, २८ ला आल्या. मागच्या बाकावर बसल्या, गायल्या नाहीत, पण शेवटपर्यंत थांबल्या. ज्या घरात दुःख आहे तिथे नाताळच्या दिवशीचा आनंद अंगावर येतो. २८ तारीख अशा माणसांसाठीच ठेवल्यासारखी आहे. तुम्हाला जाणवणारं सुनंपण वेगळ्या प्रकारचं आहे, पण त्यालाही जागा याच दिवसांत मिळते. सजावट ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत राहू द्या. गोठा मांडत असाल तर मागी लोकांच्या, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांच्या मूर्ती सुरुवातीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि रोज थोड्या पुढे सरकवा. मुलं हे काम कधी विसरत नाहीत, उलट दिवसातून चारदा सरकवतात. ६ तारखेला मागी गोठ्यापाशी पोचतात. काही देशांत हा सण जवळच्या रविवारी ढकलतात. तुमच्या चर्चमध्ये जो दिवस असेल तो धरा.

जाता जाता: सगळ्यांचा नाताळ एका दिवशी नसतो. आर्मेनियन चर्च ख्रिस्तजन्म ६ जानेवारीलाच साजरा करतं. रशियन आणि कॉप्टिक चर्चचा नाताळ ७ जानेवारीला येतो, कारण त्यांची गणना जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर चालते आणि ते आता १३ दिवस मागे आहे. मुलांना हे सांगितलं की "मग खरा कुठला?" असा प्रश्न येतो. जन्माची तारीख शुभवर्तमानांत दिलेलीच नाही, हे सरळ सांगून टाकावं.

आता उपवासकाळ. त्याच्या पहिल्या दिवसापासून, राखेच्या बुधवारपासून, ईस्टरपर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. सहा रविवार वजा केले की ४० उरतात, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपवास नाही. बहुतेकांचा निर्धार मोडतो तो हे माहीत नसल्यामुळे. सलग ४६ दिवस एखादी गोष्ट सोडणं आणि दर सहा दिवसांनी मोकळा रविवार मिळणं यात फार फरक आहे. दुसरं म्हणजे लोक सोडायला फार मोठी गोष्ट निवडतात. कॅथलिक चर्चचा सक्तीचा नियम बघा किती माफक आहे: उपवास फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, तोही १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांना. मुलं, आजारी माणसं, गरोदर स्त्रिया यांना सूट. शुक्रवारी मांस न खाण्याचा नियम वेगळा, बाकी सगळं आपल्या खुशीचं. राखेच्या बुधवारी मत्तयाचा सहावा अध्याय वाचतात: दान, प्रार्थना, उपवास, आणि तिन्ही लोकांना न दाखवता. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी यशयाचा ५८ वा अध्याय येतो, त्यात देव विचारतो की उपवास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता, याला उपवास म्हणायचा का? काय सोडायचं ते ठरवण्याआधी हे दोन अध्याय वाचा. सोडलेल्या गोष्टीचे पैसे किंवा वेळ कोणाला देणार ते आधीच ठरलं असेल तर निर्धार टिकतो, असा माझा अनुभव आहे. नुसतं सोडलेलं फार काळ सुटत नाही.

राखेच्या बुधवारी कपाळावर लावतात त्या राखेबद्दल थोडं सांगते, कारण मुलांना याचं कुतूहल असतं. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरोघरी वर्षभर जपून ठेवतात. त्या चर्चमध्ये परत आणून जाळतात. झावळ्या कडकडीत वाळलेल्या हव्यात, नाहीतर नुसता धूर होतो. धातूच्या भांड्यात जाळायच्या, राख पूर्ण गार झाली की खलात कुटायची आणि बारीक गाळणीतून चाळायची. एवढ्या ढिगातून मूठभर काळी पूड निघते. कपाळावर नीट उमटावी म्हणून कोणी तिच्यात पाणी घालतात. ते करू नये, राख पाण्यात क्षारयुक्त होते आणि कातडीला पोळू शकते. कोरडी लावावी, फार तर तेलाचे दोन थेंब. जयजयकाराच्या झावळ्याच पुढच्या वर्षी मातीची आठवण द्यायला येतात, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. जाळताना त्यांना बाजूला उभं करा, पुरे.

मुलांना आणखी एक गोष्ट दाखवा: आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी रंग दिसतो. अर्धी वाट सरली, थोडं हसा, असं सांगणारे हे दोन रविवार.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात शक्य असेल तर गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारची रात्र अशा तिन्ही उपासनांना जा. वेळ एकाच दिवशी काढता येत असेल तर शनिवारची रात्र निवडा. हा माझा पक्षपात आहे, आणि त्याचं कारण आवाजात आहे. गुरुवारच्या उपासनेत 'ग्लोरिया' हे देवाच्या गौरवाचं गीत गाऊन झालं की शनिवारी रात्रीच्या 'ग्लोरिया'पर्यंत वाद्यं एकतर बंद असतात किंवा गाण्याला आधार देण्यापुरतीच वाजतात. आम्ही ती पूर्ण बंद ठेवतो. वाद्याशिवाय क्वायर गायली की तिसऱ्या कडव्यापर्यंत सूर हळूच खाली घसरतो, कितीही तालीम करा. शुक्रवारी वेदीवर कापड नसतं, मेणबत्त्या नसतात, दिवा नसतो. मग शनिवारी रात्री बाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती लावतात. पेटवण्याआधी तिच्यावर क्रूस कोरतात, वर अल्फा, खाली ओमेगा ही ग्रीक लिपीतली पहिली आणि शेवटची अक्षरं, चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे, आणि पाच जखमांच्या आठवणीने धुपाचे पाच खडे. ती अंधाऱ्या चर्चमध्ये आत येते आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. बऱ्याच वेळाने वाद्यं आणि घंटा एकदम सुरू होतात तेव्हा दोन दिवस दबलेला आवाज कुठून येतो कळत नाही.

ही रात्र कित्येक शतकं रात्र राहिलीच नव्हती, हे फार लोकांना माहीत नसतं. सोयीसाठी सरकत सरकत ही उपासना शनिवारी सकाळी होऊ लागली होती. लख्ख उजेडात अंधाराची गाणी! पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये ती प्रयोग म्हणून पुन्हा रात्री आणली आणि १९५५ मध्ये सगळ्या पवित्र सप्ताहाचीच रचना दुरुस्त केली. सोयीनुसार सण आखडता घेण्याची खोड काही आजच्या माणसाचीच नाही.

आता ते ५० दिवस. इसवी सन ३२५ च्या निकाया परिषदेच्या विसाव्या नियमात म्हटलं आहे की रविवारी आणि ईस्टर ते पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) या काळात गुडघे टेकू नयेत, उभं राहून प्रार्थना करावी. गुडघे टेकणं ही पश्चात्तापाची खूण. लोकांना गुडघे टेकू नका असा नियम करावा लागला, यातच सगळं आलं. घरी तुम्ही काय करू शकता? बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचे अध्याय २८ आहेत. रोज एक वाचलात तरी पेन्टेकॉस्टच्या आत संपतं, अधेमधे चुकलं तरी दिवस हाताशी उरतात. ईस्टरनंतरच्या एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून चालायला जा आणि परत आल्यावर लूकच्या २४ व्या अध्यायातली अम्माऊसच्या वाटेची गोष्ट वाचा. उपवासकाळात ज्या माणसासाठी वेळ काढत होतात त्याच्याकडे जाणं ईस्टरला थांबवू नका. मुलांच्या बाप्तिस्म्याचे फोटो याच काळात बाहेर काढा. पूर्वी बाप्तिस्मे मुख्यतः ईस्टरच्या रात्रीच होत. चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट. तोवर पास्काची मेणबत्ती वेदीजवळ असते. नंतर ती बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी नेतात, आणि वर्षभर दोनच प्रसंगी पेटवतात: बाप्तिस्म्याला, आणि अंत्यविधीला शवपेटीजवळ. पुढे कधी अंत्यविधीला गेलात तर ती ओळखा.

ईस्टरची तारीख दरवर्षी का हलते, हेही मुलं विचारतील. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी चर्चच्या गणितातली पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून तो २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस हेच गणित ज्युलियन कॅलेंडरवर करतात. त्यामुळे २०२४ मध्ये ३१ मार्च आणि ५ मे एवढं अंतर पडलं, आणि २०२५ मध्ये दोघांचाही ईस्टर २० एप्रिलला आला.

पेन्टेकॉस्टनंतर हिरवा रंग सुरू होतो आणि थेट आगमनकाळापर्यंत चालतो. या महिन्यांत फार काही धरू नका. रविवार हाच मूळ सण आहे, वर्षाचे बाकीचे सण त्यानंतर आले. एखादा दिवस घ्यायचाच असेल तर २४ जूनचा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस घ्या. संतांचे सण साधारणपणे त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतात; जन्मदिवस पाळतात फक्त येशूचा, मरियेचा आणि या योहानाचा. शिवाय मरियेला निरोप मिळाला तेव्हा योहानाच्या आईला, अलीशिबेला, सहावा महिना होता असं लूक सांगतो, म्हणून हा सण नाताळच्या सुमारे सहा महिने आधी.

नोव्हेंबर मात्र सोडू नका. १ तारखेला सर्व संत, २ ला सर्व मृत. दुसरा दिवस क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांत सुरू केला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. या दिवसासाठी आम्ही वर्षभरात गेलेल्यांची नावं जमा करतो आणि मोठ्याने वाचतो. आडनावाचा उच्चार चुकू नये म्हणून आदल्या दिवशी घरच्यांना फोन करून विचारते. घरीही करता येतं: आजी-आजोबांची, गेलेल्या मित्रांची नावं कागदावर लिहा आणि एकेकाने वाचा. मुलांनी न पाहिलेल्या माणसांबद्दल ती हमखास प्रश्न विचारतात, आणि संध्याकाळ त्यातच जाते. वर्षाचा शेवटचा रविवार ख्रिस्तराजाचा. हा अगदी अलीकडचा सण: पोप पायस अकरावे यांनी १९२५ मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्राराष्ट्रांतला अहंकार वाढत असताना, तो सुरू केला, तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असायचा. १९६९ च्या फेररचनेत तो वर्षाच्या टोकाला आला.

शेवटी ज्या माणसाला रस नाही त्याच्याबद्दल. त्याला ओढू नका, आणि त्याच्या नसण्याचा विषयही करू नका. सण पाळणं हा विश्वासाचा मापदंड कधीच नव्हता. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर आणि पेन्टेकॉस्ट हे तिन्ही सण रद्द केले होते, आणि ते करणारे लोक नास्तिक नव्हते, कट्टर भाविक होते. आजही कित्येक मंडळ्या रविवारशिवाय काही पाळत नाहीत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात पौलाने हाच वाद सोडवला आहे: एकजण दिवस विशेष मानतो, दुसऱ्याला सगळे दिवस सारखे, दोघांनीही एकमेकांना दोष देऊ नये. त्या माणसाकडे एखादं हाताचं काम द्या. झावळ्या जाळणं, मेणबत्त्यांचं चक्र बनवणं, २ नोव्हेंबरच्या यादीतले जुने पत्ते आणि तारखा शोधणं. आमच्या क्वायरमधल्या एकीचे यजमान उपासनेला कधी बसत नाहीत, पण ईस्टरच्या रात्रीचा अग्नी तेच रचतात, आणि वाऱ्याची दिशा बघून जागाही तेच ठरवतात.